रतन ओव्हाळने गाळलेलं वाक्य

ज्योत्स्नाबाईंचा फोन आला तेव्हा रतन कंपनीच्या स्टोअरमध्ये बेअरिंगचे खोके मांडत होता. बाई लोणावळ्याहून बोलत होत्या. त्यांनी सांगितलं की गोष्ट दिवाळी अंकाला घेतली आहे, वाचताना त्या मध्ये कुठे उठल्या नाहीत, पण एका जागी अडखळल्या. गोष्टीतला सेटर, म्हणजे मशीनवर साचे बसवणारा कामगार, पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचा सेन्सर बंद करतो आणि त्यामुळे गोष्टीतल्या गिटारवाल्याची बोटं जातात. इथवर ठीक.

“पण त्याने तो बंद का केला?” बाईंनी विचारलं. “तुम्ही लिहिलंय, आळसाने. मला पटत नाही. आळशी माणूस उठून चावी फिरवायचे कष्ट घेत नाही. खरं कारण सापडलं की कळवा. शनिवारपर्यंत थांबते, मग पानं छपाईला जातील.”

रतनने बरं म्हटलं आणि फोन खिशात टाकला. पत्र्यावर श्रावणातली सर वाजत होती. मांडलेला खोका त्याने उचलून पुन्हा त्याच जागी ठेवला. बाईंना वाटत होतं, याला कारण शोधावं लागेल. शोधायचं काहीच नव्हतं. दोन वर्षं ते कारण त्याच्यापाशीच होतं.

रतन वराळ्याचा. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर, आणि एकाच भिंतीला पाठ लावून पलीकडे अंबूबाईचं. अंबूबाईचा गौरव आणि रतन एका वयाचे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दोघं एकाच बँजो पार्टीत असायचे, रतन बँजोवर आणि गौरव ताशावर. पुढे रतनने सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली, गौरव ड्रम शिकला, लोणावळ्याचा अजीम बास गिटार घेऊन येऊन मिळाला, आणि त्यांचा रॉक बँड झाला. नाव ठेवलं ‘बोगदा’. अजीमच्या वडिलांच्या बंद गॅरेजात सराव चाले. गाणी रतन लिहायचा, शिफ्टच्या भोंग्यावर, कंत्राटावर, वराळ्यात उठणाऱ्या इमारतींच्या लिफ्टवर. कॉलेजांतून बोलावणी येऊ लागली, तुंगार्लीच्या एका हॉटेलात तर महिन्यातले दोन शनिवार ठरूनच गेले.

ज्योत्स्नाबाई त्या हॉटेलाच्या शेजारी राहायच्या. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, एक दिवाळी अंक काढणाऱ्या. आवाजाचा त्रास होतो म्हणून त्यांनी एकदा पोलिसांत तक्रार केली होती. रतन माफी मागायला गेला, तर बाई म्हणाल्या की आवाज फार आहे पण शब्द बरे आहेत, शब्द ऐकू येऊ द्या. ओळख ती तेवढीच.

आठवडाभर मात्र रतन आणि गौरव कामगार. वराळ्यापलीकडच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपला. रतन मशीन चालवी, गौरव सेटर.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला तो शनिवार. संध्याकाळी सातला तुंगार्लीत कार्यक्रम होता, आणि फर्स्ट शिफ्ट सुटायच्या सुमाराला सुपरवायझरने हुकूम काढला की उरलेला माल काढल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. सेन्सर चालू असला की हात आत गेल्याबरोबर प्रेस जागीच थांबते. जीव वाचतो, पण काम रेंगाळतं. त्याची चावी सेटरपाशी असते. गौरवने चावी फिरवली, सेन्सर बंद झाला. काम भरभर सरकू लागलं. पाच वाजता रतनने अडकलेला पत्रा काढायला डावा हात आत घातला आणि प्रेस खाली आली.

मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही मुळापासून गेली. गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

चौथ्या दिवशी कंपनीची दोन माणसं कागद घेऊन दवाखान्यात आली. सेन्सर कोणी बंद केला, असं त्यांनी विचारलं. रतनने गौरवचं नाव सांगितलं. कोणाच्या सांगण्यावरून, असं विचारलं तेव्हा रतनने छताकडे बघत माहीत नाही म्हटलं. गौरवने आपल्या जबाबात एवढंच लिहिलं की सेन्सर मी बंद केला. त्याला कामावरून काढलं. रतनला स्टोअरमध्ये बसतं काम मिळालं. रतनची आई शकुबाई आणि अंबूबाई, एकमेकींच्या बाळंतपणात राबलेल्या बाया, त्या दिवसापासून एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. गौऱ्याने शकूच्या पोराचा हात घालवला, ही गोष्ट वराळ्यात पक्की झाली.

बरा होत असताना रतन गाणं लिहायला बसे. पण गाण्याच्या ओळीला चाल लागते, आणि चाल मनात आली की त्याचा डावा हात आपोआप मांडीवर तारा शोधायला लागे. नसलेली बोटं दुखत. म्हणून त्याने मुद्दाम लांब वाक्यं लिहायला घेतली, कुठल्याही तालात न बसणारी. एका वाक्यात शिफ्टची बस आली, दुसऱ्यात ड्रायव्हर, तिसऱ्यात त्याची बायको. वर्षभरात त्याच्या वह्या भरल्या. बाईंना पाठवलेली गोष्ट त्यातली सर्वांत मोठी. प्रेस शॉप, बँड, अपघात, सगळं तिच्यात होतं. एक वाक्य सोडून.

मंगळवारी बाईंचा फोन आला होता. बुधवारी संध्याकाळी रतन वही घेऊन बसला आणि सेटरला कारणं पुरवू लागला. आधी त्याने सुपरवायझरला धमकी द्यायला लावली. मग सेटरला दारू पाजली. मग त्याच्या मनात गिटारवाल्याबद्दल जळफळाट घातला. प्रत्येक कारण लिहून झालं की तो ते वाचे, आणि खाली गौरवचा चेहरा दिसे. तीन वेळा त्याने पान खोडलं.

शकुबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. गोष्ट छापून येणार हे तिने बचत गटात सांगून ठेवलं होतं. “येऊ दे छापून,” ती म्हणाली. “मग कळंल समद्या गल्लीला, कुनी काय केलं त्ये.”

रतनने वही मिटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. आई साधं बोलली तरी त्याला वाटे, हिला कळलंय.

गुरुवारी सकाळी शकुबाई शाळेत खिचडी शिजवायला गेली, आणि ती गेल्याचं बघून अंबूबाई दारात आली. दोन वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्याच्या आत मात्र तिने पाऊल टाकलं नाही. लोक म्हणतात तू माझ्या गौऱ्यावर गोष्ट लिहिलीस, हे खरं का, असं तिने विचारलं. रतनने गोष्टीत कोणाचं नाव नसल्याचं सांगितलं.

“नाव नसलं म्हनून काय झालं,” अंबूबाई म्हणाली. “वराळ्यात दुसऱ्याची बोटं घालवलेले सेटर किती हायत? त्याचं लगीन जमंना झालंय, बाबा. दोनदा पाव्हनं आलं आन च्या पिऊन गेलं, पुन्हा फिरकलं न्हाईत. आतापातूर नुसतं कानात सांगत हुते. छापून आलं तर वाचून दाकवतील.”

रतनच्या ओठांवर एकच वाक्य होतं. मावशी, मीच त्याला सांगितलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. अंबूबाई त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती. थंडीपावसात दुखतो का, असं तिने विचारलं. तो कधी कधी म्हणाला. तिने हळद घालून तेल लावायला सांगितलं आणि ती भिंतीपलीकडे निघून गेली.

त्या दिवशी स्टोअरमध्ये त्याने दोनदा चुकीचा माल दिला. गोष्ट मागे घ्यावी, असं त्याला वाटलं. बाईंना कळवायचं, जमत नाही, आणि मोकळं व्हायचं. फोन हातात घेऊन त्याने निरोप टाइपही केला. मग पुसला. मागे घेतली तर ते वाक्य कधीच कोणाला सांगावं लागणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

शुक्रवारी तीनला सुटल्यावर तो स्कूटी घेऊन उर्शाला गेला. टोलनाक्याच्या अलीकडे एक्स्प्रेसवेवर बंद पडलेल्या गाड्या ओढणारी क्रेन उभी असते. गौरव त्या क्रेनवर ड्रायव्हर होता. रतनला येताना बघून तो केबिनमधून उतरला नाही. फक्त पलीकडचं दार आतून उघडलं.

रतन चढून बसला. कशाला आलास, असं गौरवने विचारलं नाही. रतनने पिशवीतून कागद काढले आणि म्हणाला की छापायच्या आधी तुला वाचून दाखवायचं आहे. गौरवने काचेवरचा वायपर बंद केला. “वाच,” म्हणाला.

अकरा पानं होती. बाजूने ट्रक जाताना केबिन हादरे आणि ओळ हलायची. गौरव समोरच्या काचेवर ओघळणाऱ्या पाण्याकडे बघत होता. बँडच्या सरावाच्या पानाला त्याच्या ओठाचा कोपरा किंचित हलला, बाकी काही नाही. सेन्सरचं पान आलं तसा रतनचा आवाज बारीक झाला. ‘आळसाने’ हा शब्द त्याने वाचला तेव्हा तो जेमतेम ऐकू आला. तरी शेवटपर्यंत वाचलं.

गौरवने वायपर पुन्हा चालू केला. मग म्हणाला, “चांगलं लिहितोस. प्रेसचा आवाज बरोबर धरलायस.” आणि थोडं थांबून, “ते वाक्य कुठाय?”

“कुठलं?”

“तूच सांग कुठलं.”

रतनने कागद मांडीवर ठेवले. “गौऱ्या, सेन्सर बंद कर, सातला पोचायचंय.”

“किती वेळा बोललास?”

“दोनदा.”

“पहिल्यांदा मी काय म्हणालो?”

“नको म्हणालास.”

“मग?”

“मग मी म्हणालो, तू पहिल्यापासूनच भित्रा.”

गौरवने मान हलवली, जणू जुना पत्ता बरोबर निघाला. मग तो रतनकडे वळला, पहिल्यांदाच. “चौकशीत तू गप्प बसलास, त्याचं मी मनात धरलं नाही,” तो म्हणाला. “तुझी बोटं गेली होती, अंगात ताप होता, माणूस काय पण बोलतो. पण हे तू घरी बसून, शांत डोक्याने लिहिलंस. आळसाने. माझ्या आयुष्यात मी आळस केलेला तू बघितलायस का?”

रतनने नाही म्हटलं. मग तू तरी का बोलला नाहीस, असं त्याने विचारलं, आणि विचारताक्षणी त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“चावी माझ्या हातात होती,” गौरव म्हणाला. “नको म्हणून ठाम राहायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. त्यात तू दवाखान्यात. वाटलं, बरा झालास की सांगशील. मी वाट बघितली. नंतर वाट बघायचं पण विसरलो.”

रतन म्हणाला की गोष्ट मागे घेतो, नाहीतर बदलतो, तू म्हणशील तसं करतो.

“मी म्हणणार नाही,” गौरव म्हणाला. “ते माझ्या डोक्यावर देऊ नकोस. मागे तू सांगितलंस आणि मी केलं. आता तुझं तू ठरव.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कामशेतच्या बोगद्यापाशी कंटेनर बंद पडला होता, मागे रांग लागत होती. गौरवने क्रेन चालू केली. रतन उतरला आणि पावसात उभा राहिला. क्रेनचा पिवळा दिवा वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच होता.

घरी येऊन त्याने दिवेलागणीला वही उघडली. गाळलेलं वाक्य जागेवर घातलं आणि त्याच्या लक्षात आलं की नुसतं वाक्य घालून भागत नाही. ते आल्याबरोबर मागची सगळी पानं खोटी पडत होती. गिटारवाला आता बिचारा राहत नव्हता. त्याची घाई, त्याचं टेचात ‘भित्रा’ म्हणणं, दवाखान्यात छताकडे बघणं, सगळं लिहावं लागलं. तो लिहीत गेला. शकुबाईने ताट वाढून झाकून ठेवलं, ते तसंच राहिलं.

शनिवारी सकाळी ती कामाला निघायच्या आधी त्याने तिला थांबवलं. गोष्ट ऐकून जा म्हणाला. तिला कौतुक वाटलं. ती पदर सावरून भिंतीला टेकून बसली. पहिली पानं ऐकताना ती मधूनच व्हय व्हय म्हणत होती. पुढे ते थांबलं. रतनने मान वर केली नाही. वाचून झालं तेव्हा बाहेर नळावर हंडे वाजत होते.

“ह्ये गोष्टीतलं हाय का खरं हाय?” शकुबाईने विचारलं.

“खरं आहे, आये.”

ती उठली. त्याला वाटलं, मारेल. तिने चपलाही घातल्या नाहीत. तशीच बाहेर पडली आणि अंबूबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. रतन मागोमाग गेला. अंबूबाई तांदूळ निवडत होती. शकुबाईने एका दमात सांगितलं की माझ्या पोरानंच तुझ्या पोराला सांगितलं होतं, गौऱ्या नको म्हणत होता, आणि हे मला आज कळलं.

अंबूबाईने सूप खाली ठेवलं. शकुबाईला ती काही बोलली नाही. तिला ओलांडून ती बाहेर आली, रतनच्या समोर. नळावरच्या बाया पाणी भरायचं थांबल्या.

“माजं पोर दोन वर्सं ह्या गल्लीतनं मान खाली घालून गेलं,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लांब गेला. “आन तू हितं बसून गोष्टी लिवत हुतास. परवा मी तुज्या दारात आले. माज्या तोंडाकडं बघून बी तुला सांगावं वाटलं न्हाई?”

ती बोलत राहिली. पाहुणे आले त्या दोन्ही दिवसांचं बोलली, गौरवने ड्रम विकले त्या दिवसाचं बोलली, क्रेनवर पहिल्यांदा गेला तेव्हा अपघातातलं माणूस बघून आठवडाभर जेवला नाही त्याचं बोलली. रतन भर गल्लीत उभा होता. मध्येच कोणीतरी अंबूबाईला जाऊ दे म्हणालं, तेव्हा शकुबाईनेच त्या बाईला गप्प केलं. बोलून झाल्यावर अंबूबाई आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दुपारी रतनने नवी गोष्ट बाईंना पाठवली. तासाभराने त्यांचा फोन आला. आता कारण कळलं, असं त्या म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, हे छापल्याने तुम्हाला काही त्रास होईल का? होईल बहुतेक, असं रतन म्हणाला. बाईंनी पुन्हा विचारलं नाही.

अंक यायच्या आधी, नवरात्रात, रतनने कंपनीला पत्र दिलं की सेन्सर माझ्या सांगण्यावरून बंद झाला होता, गौरवच्या जबाबाशेजारी हे लावा. साहेबांनी पत्र वाचलं, ते प्रकरण मिटलंय म्हणाले आणि पत्र ठेवून घेतलं. गौरवला कोणी परत बोलावलं नाही. जानेवारीत रतनचं कंत्राट संपलं, ते पुढे वाढवलं गेलं नाही. कारण कोणी दिलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

वराळ्यात अंकाची एकच प्रत फिरली, विहारातल्या कपाटातून घरोघरी. काहींनी पाठीवर थाप मारली. काही म्हणाले, प्रकरण मिटल्यावर खरं बोलायला काय जातं. दोन्ही ऐकताना रतनला सारखंच अवघड वाटलं. शकुबाई त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. अंबूबाई शकुबाईशी दिवाळी होईपर्यंत बोललीच नाही, मग एक दिवस भिंतीवर थापटून जिरं आहे का विचारलं. गौरवचं लग्न त्या गोष्टीने जमलं असं मात्र कोणी समजू नये. ते पुढच्या मे महिन्यात तळेगावच्या सविताशी झालं, आणि तिने ती गोष्ट आजतागायत वाचलेली नाही.

‘बोगदा’ पुन्हा उभा राहिला नाही. अजीमने पुण्यातल्या मुलांबरोबर दुसरा बँड केला. रतन आता तुंगार्लीच्या त्याच हॉटेलात साउंड बघतो. दुसरे वाजवतात, तो आवाज कमीजास्त करतो. सकाळी लिहितो. तीन गोष्टी छापून आल्यात आणि कादंबरीची शंभरेक पानं झालीत, क्रेनवाल्या माणसाची. लिहिलेलं तो आधी गौरवला वाचून दाखवतो. गौरवने तशी अट घातली नव्हती. रतन गेला आणि त्याने दार उघडलं, इतकंच. पूर्वीसारखी चेष्टा दोघांत नाही. वाचन संपलं की गौरव दोन शब्द बोलतो, आणि ते दोन शब्द येईपर्यंत रतनचा जीव टांगणीला असतो.

गेल्या महिन्यात तो असाच केबिनमध्ये कादंबरीचं एक प्रकरण वाचत होता. मित्राला फसवणारा माणूस त्याने काळाकुट्ट रंगवला होता, तीन पानं भरून. गौरवने मध्येच हात वर करून थांबवलं.

“इतका वाईट नव्हतास तू,” तो म्हणाला. “हे पण खोटंच आहे.”

रतन त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने ती तीन पानं वेगळी काढली, घडी करून खिशात घातली, आणि पुढचं वाचायला लागला.